सांगितलेला आकडा

मी नेमकं काय काम करतो, हे अब्बांना समजावून सांगण्यात माझी दहाएक वर्षं गेली. पुण्यात नोकरी लागली तेव्हा फोनवर सांगितलं, "अब्बा, कर्नलचं काम आहे." संध्याकाळी मशिदीबाहेर त्यांनी चार लोकांना सांगून टाकलं की पोरगा मिलिटरीत लागला, कर्नलसाहेबाच्या हाताखाली. पुढच्या ईदला परभणीला गेलो तर गल्लीतले दोन पोरं भरतीचं विचारायला दारात उभे.

मग मी सोपं करून सांगायला लागलो. कॉम्प्युटर असो की मोबाइल, त्यात एक मूळ प्रोग्रॅम असतो, त्याला कर्नल म्हणतात. बाकीचे सगळे प्रोग्रॅम त्याच्याकडे मागणारे. मला जागा दे, मला नेटवर पाठवायचंय, मला फाइल वाचायचीय. मशीनमधली मेमरी म्हणजे एक गोदाम समजा. त्या गोदामाची किल्ली कर्नलकडे. कुणाला किती जागा द्यायची, कुणाची कधी काढून घ्यायची, हे तोच ठरवतो. नेटवर्कचं ये-जा करणारं सामान ज्या भागातून जातं, त्या भागाचा कोड मी लिहितो.

अब्बा थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "तो तेरा काम भी मापाड्याच का है ना रे."

अब्बा परभणीच्या मोंढ्यात मापाडी होते. ज्यांनी मोंढा फक्त रस्त्यावरून पाहिला त्यांच्यासाठी सांगतो. शेतकरी माल आणतो, अडत्या तो विकून देतो, व्यापारी घेतो. मापाडी या तिघांपैकी कुणाचाच नसतो. तो माल तोलतो, काटापट्टी लिहितो आणि तोलाई घेतो. त्याने लिहिलेल्या आकड्यावर पुढचे सगळे पैसे फिरतात. हमालांची हमाली, अडत, शेतकऱ्याच्या हातात पडणारी रक्कम, सगळं त्या एका कागदावरून.

लहानपणी शाळेला सुट्टी असली की मी त्यांच्याबरोबर जायचो. तूर, सोयाबीन, मूग. काट्यावर पोतं चढलं की अब्बा मोठ्याने मोजायचे, पण पहिल्याला "एक" म्हणायचे नाहीत. शेतकऱ्यांपुढे म्हणायचे "लाभ", मग दोन, तीन, चार. घरी अम्मी डब्याने पीठ मोजायची ती "बरकत, दो, तीन" अशी. मला वाटायचं, मोंढ्यातला एक वेगळा आणि घरातला एक वेगळा. पुढे कॉलेजात कळलं की प्रोग्रॅमर लोक शून्यापासून मोजतात. अब्बांना सांगितलं तर ते हसले नाहीत. शून्यापासून मोजणारा माणूस शेवटी एका पोत्याने चुकणार, असं त्यांचं म्हणणं पडलं. ते किती खरं आहे हे आमच्या धंद्यातल्या कुणालाही विचारा.

मापाड्याचा पहिला धडा त्यांनी पैसे मोजून घेतला होता. नवीन होते, हिवाळ्याचे दिवस, संध्याकाळी उशिरा तुरीची गाडी आली. गाडीवाला म्हणाला बेचाळीस पोती. मगरिबची वेळ होत आलेली. अब्बांनी बेचाळीस लिहिलं, गाडी रिकामी झाली, हमालांनी थप्पी लावली. सकाळी थप्पी मोजली तर एकोणचाळीस. गाडीवाल्याने हात वर केले, अडत्यानेही केले, हमाल तर गरीबच. तीन पोत्यांचे पैसे अब्बांनी हप्त्याहप्त्याने भरले. आजोबांनी त्यांना एवढंच विचारलं होतं, "उनो बोले और तू लिख लिया?"

हे वाक्य आमच्या घरात म्हण असल्यासारखं फिरायचं. शेजारणीने काही सांगितलं आणि अम्मीने ते खरं मानलं की अब्बा म्हणणार, उनो बोले और तू लिख लिया? मीसुद्धा ते शेकडो वेळा ऐकलं. आणि तरीही तीच चूक केली. मोंढ्यात नाही, कर्नलमध्ये.

आता थोडं खोलात जावं लागेल. तांत्रिक आहे पण मोंढ्याच्या हिशोबापेक्षा अवघड नाही.

एखाद्या प्रोग्रॅमला नेटवर्कचे नियम बदलायचे असतात. समजा, या पत्त्यावरून येणारं सामान अडव, त्या पत्त्यावरचं जाऊ दे. लिनक्समध्ये हे काम नेटफिल्टर नावाचा भाग करतो आणि त्याला नियम देणाऱ्या जुन्या प्रोग्रॅमचं नाव आयपीटेबल्स. प्रोग्रॅम कर्नलला सांगतो, माझ्याकडे इतके नियम आहेत, ते सगळे मिळून इतक्या बाइटचे आहेत, आणि सामान अमुक ठिकाणी ठेवलंय, उचलून घे. कर्नल आधी आपल्या गोदामात तेवढी जागा मोकळी करतो, मग सामान आत आणतो. म्हणजे जागा किती मोकळी करायची हे मागणाऱ्याच्या तोंडच्या आकड्यावर ठरतं. गाडीवाला म्हणतो बेचाळीस.

इथे पहिला घोळ गुणाकाराचा. प्रत्येक नियमाला एक मोजणीचा खाना लागतो, १६ बाइटचा. कर्नल काय करणार? खाने गुणिले १६, तेवढी जागा. पण ३२ बिटांच्या मशीनमध्ये मोठ्यात मोठी संख्या मावते ती ४,२९,४९,६७,२९५. त्यापुढे गेलं की लुनाच्या मीटरसारखं पुन्हा शून्यावरून सुरू. आता एखाद्या लबाडाने सांगितलं, माझे खाने २६,८४,३५,४५७. त्याला १६ ने गुणा. उत्तर येतं ४,२९,४९,६७,३१२. मीटर फिरतं आणि कर्नलला दिसतात फक्त १६ बाइट. तो १६ बाइटची जागा देतो, आणि नंतर सव्वीस कोटी खाने भरायला घेतो. पहिला खाना आपल्या जागेत, दुसऱ्यापासून पुढचे सगळे शेजाऱ्याच्या. शेजारी कोण, तर कर्नलचंच दुसरं काहीतरी. कुणाची परवानगी, कुणाचा पासवर्ड, पुढचं काम कुठे जाऊन करायचं त्याचा पत्ता. ज्याला हे नेमकं कसं लिहायचं ते जमतं, तो मशीनचा मालक होतो.

नेटफिल्टरच्या कोडमध्ये यासाठी एक ओळ आहे. खान्यांची संख्या १३,४२,१७,७२७ किंवा त्याहून जास्त असेल तर सरळ नाही म्हणायचं, गुणाकार करायचाच नाही. आधी भागाकार करून मर्यादा काढायची, मग तुलना, मग गुणाकार. ही ओळ मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला कंटाळवाणी वाटली होती. अशा ओळी प्रत्येकाने आपापल्या आठवणीने लिहायच्या, हेच मुळात धोक्याचं होतं, म्हणून २०१८ मध्ये कीस कुक यांनी कर्नलभर मोहीम काढली. उघडा गुणाकार काढून त्याजागी तपासून गुणाकार करणारी तयार साधनं बसवली. गुणाकार मावत नसेल तर ते साधन मुद्दाम इतकी मोठी संख्या देतं की जागाच मिळू नये. मला ही युक्ती आवडते. चुकायचंच असेल तर नकाराच्या बाजूने चुका.

माझी चूक गुणाकाराची नव्हती. त्याहून साधी होती.

पुण्यातली माझी ती कंपनी छोट्या शाखांसाठी नेटवर्कचे डबे बनवायची. बँकेची शाखा, पतसंस्था, गोदाम, असल्या ठिकाणी कोपऱ्यात स्टुलावर धूळ खात पडलेला असतो तो डबा. त्यातून मुख्य कार्यालयापर्यंत एक बंदिस्त वाट जाते, आपण तिला बोगदा म्हणू. डब्याला २५६ एमबी मेमरी. त्यातल्या कर्नलमध्ये आमचा स्वतःचा एक तुकडा होता, नियमांची यादी ठेवणारा, तो मी लिहिला. डबा सुरू झाला की आमचाच एक छोटा प्रोग्रॅम फाइल वाचायचा आणि कर्नलला सांगायचा, नियम इतके. मी तेवढी जागा मागायचो.

मर्यादा घातली नव्हती. लिहिताना मनात आलं होतं, खोटं कशाला बोलू. पण मागणारा आमचाच प्रोग्रॅम, तो चालतो रूटच्या अधिकाराने, बाहेरच्या माणसाला तिथे हात नाही. तपासणाऱ्या सिनिअरलाही तेच वाटलं. घरचाच माणूस आहे, त्याची पोती काय मोजायची?

दोन पावसाळे गेले. मग एका डब्याबद्दल तक्रार आली की तो सारखा बंद-चालू होतोय. पत्ता बघितला तर परभणी जिल्ह्यातला, एका तालुक्याच्या गावातल्या बँकेच्या शाखेचा. मी गाव ओळखलं. आमच्या खालाचं सासर तिथलं. तारीखही ओळखली, कारण त्याच आठवड्यात पीकविम्याचे पैसे खात्यावर आले होते आणि खालाने अम्मीला फोनवर सांगितलं होतं की लोक सकाळपासून रांगेत बसलेत आणि आतून एकच उत्तर येतंय, लिंक नाही. लिंक नाही हे आपल्याकडे पाऊस नाही म्हटल्यासारखं म्हणतात. कुणाचा दोष असेल असं कुणाला वाटतच नाही. म्हातारी माणसं बसस्टँडवर जाऊन झोपून आली, पुन्हा रांगेत लागली, तिसऱ्या दिवशीसुद्धा.

काय झालं होतं ते असं. वीज गेली तेव्हा डबा फाइल लिहीत होता. फाइल अर्धवट राहिली. नियमांच्या संख्येच्या जागी कचरा आला आणि तो कचरा वाचला की आकडा होता १,२५,८२,९१२. प्रत्येकी १६ बाइट म्हणजे बरोबर १९२ एमबी. डब्याची एकूण मेमरी २५६. मागणी इतकी अवाढव्य नव्हती की गुणाकार फिरावा, इतकी लहानही नव्हती की खपून जावी. कर्नलने ती खरी मानली आणि पान पान करून जागा गोळा करायला लागला.

जागा संपत आली की लिनक्स एक कठोर गोष्ट करतो. चालू प्रोग्रॅमपैकी एकाला मारून त्याची जागा मोकळी करतो. या यंत्रणेचं नावच ओओएम किलर. ती निवड कशी करते? सगळ्यात जास्त मेमरी कुणी धरून ठेवलीय ते बघून. आणि इथे मेख आहे. मागणाऱ्यासाठी कर्नलने स्वतःच्या खात्यात घेतलेली जागा मागणाऱ्याच्या नावावर लागत नाही. आमचा फाइल वाचणारा प्रोग्रॅम दोन-तीन एमबीचा, गरीब दिसणारा. सगळ्यात जाडजूड होता बोगदा चालवणारा प्रोग्रॅम. किलरने त्याला मारलं. देखरेख करणाऱ्याने त्याला पुन्हा उठवलं, किलरने पुन्हा मारलं, शेवटी डबाच पुन्हा सुरू झाला आणि सुरू होताच त्याने तीच फाइल वाचली.

पोती सांगितली गाडीवाल्याने, गोदामातून बाहेर फेकला शेजारच्याचा माल.

हा प्रकार एकट्या माझ्या हातून झाला असं समजू नका. २०१८ च्या सुरुवातीला खुद्द नेटफिल्टरमध्ये याच जातीचा प्रश्न निघाला. गूगलमधल्या मंडळींनी सिझकॉलर नावाचं एक यंत्र केलंय, दिमित्री व्ह्यूकोव यांच्या पुढाकाराने. ते कर्नलला दिवसरात्र वाटेल त्या मागण्या करत राहतं, कुणी शहाणा माणूस करणार नाही असल्या. त्याने आयपीटेबल्सच्या वाटेने इतकी मोठी जागा मागितली की मशीन गुदमरलं. तिथेही एक जुनी तपासणी होती. मागणी मशीनच्या एकूण मेमरीपेक्षा मोठी असेल तर नाही म्हणायचं. माझ्या डब्यात ती तपासणी असती तरी उपयोग झाला नसता, १९२ हे २५६ पेक्षा कमीच आहेत. सगळं गोदाम मागितलं तर नको म्हणू, पण पाऊण गोदाम मागितलं तर देऊ, हा काही हिशोब झाला नाही. शेवटी नियमांच्या एका तक्त्याला ५१२ एमबीची ठाम मर्यादा घालण्यात आली. पुढे अशी जागा मागणाऱ्याच्या खात्यावर लावण्याचीही सोय झाली, म्हणजे ज्याला वाटून दिलेली मेमरी ठरलेली आहे त्याने कर्नलकडून घेतलेलं त्याच्याच वाट्यातून वजा.

सॉकेटच्या बाबतीत हा हिशोब आधीपासून आहे आणि तो पाहिला की मला बारदान आठवतं. प्रोग्रॅम म्हणतो, माझ्या येणाऱ्या सामानासाठी इतके बाइट ठेव. कर्नल आधी बघतो की आकडा वरच्या मर्यादेत आहे का. ती साधारणपणे २,१२,९९२ बाइट असते. आणि मग तो मागितलेल्याच्या दुप्पट मांडतो. कारण प्रत्येक पॅकेटबरोबर कर्नलची स्वतःची नोंद, वेष्टण, रिकामी राहिलेली जागा येते. तूर विकताना बारदानाचं वजन वजा करतात, पण गोदामात जागा धरताना बारदानासकट धरावी लागते. हे ज्याने लिहिलं त्याने कधीतरी पोती रचली असावीत, असं मला उगाच वाटतं.

तर "मागणारा घरचाच आहे" या माझ्या समजुतीकडे परत येतो, कारण खरा धोका मला तिथे दिसतो. कर्नलच्या लोकांचीही वर्षानुवर्षं तीच समजूत होती. आयपीटेबल्सचे नियम फक्त रूट बदलू शकतो. रूट म्हणजे मशीनचा मालक. मालक स्वतःच्या गोदामात चोरी कशाला करेल? त्यामुळे त्या भागातला बराच कोड मालकाच्या तोंडच्या आकड्यावर भरवसा ठेवून लिहिला गेला.

मग २०१३ च्या फेब्रुवारीत लिनक्स ३.८ आलं आणि त्यात एक सोय आली. साधा वापरकर्तासुद्धा स्वतःपुरतं एक वेगळं घर मांडून त्या घरात रूट होऊ शकतो. सोय चांगली होती, आज एका मशीनवर अनेकांची कामं वेगवेगळ्या पेट्यांत चालतात ती अशाच सोयींच्या जोरावर. पण त्या दिवशी एक गोष्ट बदलली आणि कोडची एक ओळही बदलली नाही. जे दार फक्त मालकासाठी होतं, तिथे आता कुणीही मालकाचा फेटा बांधून उभा राहू शकत होता. आत बसलेला मापाडी तोच, जुना, चेहरा बघून लिहिणारा.

२०२१ मध्ये अँडी न्गुयेन या संशोधकाने नेटफिल्टरमधली एक चूक उघड केली. ३२ बिटांच्या जुन्या प्रोग्रॅमचे नियम ६४ बिटांच्या कर्नलसाठी बदलून घेताना त्यांचा आकार वाढतो. रिकाम्या राहणाऱ्या कोपऱ्यांत कर्नल शून्यं भरायचा, पण त्या कोपऱ्यांची जागा त्याने आधी धरलेलीच नसायची. दोन-चार शून्यं जागेबाहेर पडायची. बस, एवढंच. पण त्या सांडलेल्या शून्यांवरून त्याने पायरी पायरीने पूर्ण मशीन ताब्यात घेऊन दाखवलं. ही चूक २००६ पासून तिथे होती. पंधरा वर्षं. मी कॉलेजात होतो, पास झालो, नोकरीला लागलो, लग्न झालं, मुलगी शाळेत जायला लागली, आणि जगभरातल्या मशीनमध्ये ती शून्यं सांडतच होती.

हे वाचलं त्या रात्री मी माझा जुना कोड पुन्हा उघडला. कंपनी सोडून झाली होती, पण वाक्यं आठवत होती.

डब्याची ती दुरुस्ती मी तेव्हाच केली होती, पण ती तीन दमात झाली. पहिल्या दमात मर्यादा घातली. डब्यात कधीच ४,०९६ पेक्षा जास्त नियम नसतात, मग त्यापुढचं का ऐकायचं? आणि नकार देताना प्रत्येक वेळी नोंदवहीत एक ठळक ओळ लिहायला लावली, कुणीतरी भलती मागणी करतंय म्हणून. टेस्टिंगवाल्या बाईंनी एक छोटा प्रोग्रॅम लिहून तीच चुकीची मागणी सेकंदाला हजारो वेळा केली. नोंदवही भरून डब्याची फ्लॅश भरली, डबा पुन्हा आडवा. मागणी फेटाळली, पण आरडाओरडा करून स्वतःचाच घसा बसवून घेतला. कर्नलच्या जगात हा मोठा वादाचा विषय आहे. जागा मागण्याचा आकडा वेडावाकडा असला की कर्नल मोठ्याने इशारा देतो, आणि कित्येक सर्व्हर असे लावलेले असतात की कर्नलने इशारा दिला की मशीन थांबवायचंच. म्हणजे बाहेरच्या कुणीही एक मूर्ख आकडा बोलावा आणि मशीन बंद पाडावं. म्हणून बाहेरून आलेल्या आकड्यावर जागा मागायची असेल तर "बोंब मारू नकोस" अशी खूण सोबत द्यायची रीत पडली. जागा नसेल तर शांतपणे नाही म्हणायचं, मागणाऱ्याला चुकीचा नंबर परत द्यायचा, पुढच्या गाडीकडे वळायचं. बेचाळीसऐवजी बेचाळीस हजार सांगणारा गाडीवाला आला म्हणून मोंढा बंद करत नाहीत.

दुसऱ्या दमात मी आकडा आणि माल यांची गाठ घातली. संख्या सांगितली इतकी, फाइलमधून प्रत्यक्ष बाइट आले किती? जुळत नसेल तर परत. हे नेटफिल्टरमध्ये आधीपासून आहे. सांगितलेले नियम किती, ते एका बाजूला ठेवून कर्नल सगळा तक्ता स्वतः चालत जातो, प्रत्येक नियम मोजतो आणि शेवटी दोन्ही आकडे समोरासमोर धरतो. फरक पडला तर सगळी गाडी परत.

तिसरा दम मात्र अब्बांमुळे झाला, आणि तो मला अजून नवल वाटावा असा आहे.

त्या वेळी घरी गेलो होतो. डब्याचं, रांगेचं सगळं सांगून टाकलं. त्यांना फार राग येईल असं वाटलं होतं, आला नाही. त्यांनी विचारलं, आता मोजतोस कसा? मी म्हणालो, आधी त्याच्या कागदावर आकडा बघतो, मर्यादेत आहे का तपासतो, मग जागा धरतो, मग माल उचलताना पुन्हा त्याच्या कागदावर बघतो की किती उचलायचा.

"उसके कागज पे दो बार देखता?"

हो म्हणालो.

मग त्यांनी मोंढ्यातली जुनी चाल सांगितली. गाडीवाल्याच्या हातातल्या चिठ्ठीवर मापाडी आकडा बघतो, मान डोलावतो, काट्याकडे वळतो. तेवढ्यात गाडीवाल्याचा साथीदार चिठ्ठी बदलतो. हिशोबाच्या वेळी पुन्हा चिठ्ठी मागितली की दुसराच आकडा. म्हणून मापाड्याने चिठ्ठी एकदाच बघायची, आकडा आपल्या वहीत उतरवायचा आणि मग जे काय तपासायचं, तोलायचं, लिहायचं ते आपल्या वहीवरून. त्याच्या चिठ्ठीकडे पुन्हा नजर टाकायची नाही.

मी जेवता जेवता थांबलो. २००५ मध्ये लिनक्सच्या नेटवर्किंगमध्ये नेमकी ही चूक निघाली होती. प्रोग्रॅम निरोपाबरोबर काही जोडपत्रं पाठवायचा, प्रत्येकाची लांबी त्याच्याच मेमरीत लिहिलेली. कर्नल एकदा लांब्या वाचून जागेचा हिशोब करायचा, मग प्रत्यक्ष नक्कल करताना लांबी पुन्हा तिथूनच वाचायचा. त्या दोन वाचनांच्या मधल्या क्षणात प्रोग्रॅमचाच दुसरा धागा ती लांबी वाढवून ठेवायचा. जागा धरली लहान, माल आला मोठा. तो तपशील मी इंटरव्ह्यूसाठी पाठ केला होता, दोनदा मुलाखतीत सांगितलाही होता. आणि माझ्या स्वतःच्या कोडमध्ये मी चिठ्ठी दोनदा बघत होतो. परभणीहून पुण्याला येताच ती जागा बदलली. आधी आकडा आपल्याकडे उतरवून घ्यायचा, मग फक्त आपली प्रत.

कुरआनात मुतफ्फिफीन नावाची सूरह आहे, ८३वी, मापात पाप करणाऱ्यांबद्दलची. घेताना पुरं मोजून घेणारे आणि देताना कमी देणारे. मोंढ्यात काम करणाऱ्या आमच्या घरात ती मुलांना लवकर शिकवली गेली. मी तिचा विचार नेहमी लबाडाच्या बाजूने करायचो, काटा मारणारा, दगड बदलणारा. न मोजताच लिहिणाऱ्याला कुठे ठेवायचं, हा प्रश्न मला तोवर पडला नव्हता. त्याने कुणाचं काही घेतलेलं नसतं. त्याला फक्त घाई असते, किंवा समोरच्याचा चेहरा ओळखीचा असतो. बसस्टँडवर झोपलेल्या त्या म्हाताऱ्यांना यातला फरक काय कळणार होता?

खालाला मी हे कधी सांगितलं नाही. अब्बांनीही सांगितलं नसावं. मागच्या वर्षी तिच्याकडे गेलो होतो, त्या शाखेतही डोकावलो. कोपऱ्यात डबा दुसराच होता, नवीन, हिरवा दिवा लागलेला. शिपायाने विचारलं, काय काम आहे. काही नाही म्हणालो.

अब्बांचे डोळे आता अधू झालेत, मोंढ्यात जाणं केव्हाच बंद झालंय. इलेक्ट्रॉनिक काटे आलेत, पट्टी छापूनच बाहेर येते. तरी दाणाबाजारातून तांदळाचं पोतं घरी आलं की ते उठून दारापर्यंत येतात, रिक्षावाल्याला थांबवतात आणि काट्याशिवायच, दोन हातांनी पोतं थोडं उचलून बघतात. मग आत येऊ देतात.